आक्का आणि साडेसत्तावन्न किलो

"निधानऽ, निधान," असं आक्का इंजेक्शन देताना स्वतःशीच पुटपुटायच्या. कानडीत निधान म्हणजे सावकाश. एका हाताचा अंगठा सिरिंजच्या दट्ट्यावर, दुसऱ्या हाताची बोटं पेशंटच्या मनगटावर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर.

तुम्ही कधी दवाखान्यात कुणाच्या सोबतीला बसला असाल, तर नर्सला इंजेक्शन देताना पाहिलं असेलच. सुई गेली, औषध गेलं, कापसाचा बोळा दाबला की पुढची खाट. आक्कांचं तसं नव्हतं. अंगातलं पाणी उतरवायचं औषध, ज्याला आमच्याकडे सगळेच 'लघवीचं इंजेक्शन' म्हणतात, ते द्यायला त्या एकेका पेशंटपाशी चार-पाच मिनिटं थांबत.

मी निपाणीच्या त्या चाळीस खाटांच्या दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून नवा लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात मी न राहवून विचारलं, "आक्का, एवढा वेळ कशाला? औषध तर तेवढंच जाणार."

"भसकन ढकललं की कानात शिट्ट्या वाजत्यात माणसाच्या. एखाद्याचा कान कायमचा जातोय. सूज उतरली आन् सुनंचं बोलणं ऐकू येईना, असं झालं तर काय करायचं?"

खाटेवरचे आजोबा पडल्या पडल्या म्हणाले, "सुनंचं न्हाय आलं ऐकू तरी चालंल, आक्का. द्या ढकलून."

सगळा वॉर्ड हसला. आक्कांनी दट्टा तसूभरही पुढे सरकवला नाही. सेकंदकाटा फिरून वर आला तेव्हाच हसल्या.

त्या बोरगावच्या. जैन शेतकरी घरातल्या. पंचावन्नच्या पुढे वय, बारीक अंगकाठी, केस घट्ट बांधलेले. चिकोडीकडचा पेशंट आला की कानडी, निपाणीचा आला की मराठी, आणि पेशंटनं दोन्ही न ऐकल्यासारखं केलं तर नुसते डोळे. दुपारपाळीला असल्या की सूर्य मावळायच्या आत डबा उरकायचा म्हणून त्यांची घाई व्हायची. तीन घासांत भाकरी, दोन घोट गाळलेलं पाणी, की पुन्हा वॉर्डात. इंजेक्शनला पाच मिनिटं देणारी बाई जेवणाला तेवढीही देत नव्हती.

हृदयाचे पेशंट म्हटले की पाण्याचा हिशेब आलाच. दिवसाला अमुक तांबे, त्याच्यावर घोट नाही. पण तहान माणसाला चोर बनवते. एका काकांनी उशीखाली उसाच्या रसाची बाटली लपवली होती. आक्कांनी ती काढून उजेडात धरली.

"ह्ये काय? तीर्थ?"

"व्हय आक्का," काका म्हणाले, "नरसोबावाडीचं."

"मग मला बी द्या थोडं," म्हणून आक्कांनी बाटली नेली आणि त्यातला रस मोजून तक्त्यावर लिहिला. काका किती प्याले तेही विचारून लिहिलं. रागावल्या नाहीत. "पेलास त्याचं काय न्हाय, मला सांगितलं न्हाईस त्याचं हाय," एवढंच म्हणाल्या.

घरी जाणाऱ्या पेशंटला त्या दारापर्यंत सोडायला जात, तेव्हाचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. लघवीची गोळी सकाळी घ्या, संध्याकाळी घेतली तर अंधारात उठताना पडशीला. उठताना आधी खाटेवर बसा, मग उभं ऱ्हावा. पायात गोळे यायला लागले, जीभ कोरडी पडली, गरगरलं, तर लगेच या. आणि एक प्रश्न त्या हमखास विचारत, जो मी पुस्तकात कधी वाचला नव्हता.

"परगावला जाताना गोळी घेतासा का?"

पेशंट चपापायचा. बेळगावला किंवा कोल्हापूरला एसटीनं जायचं, वाटेत लघवीला थांबायची सोय नाही, म्हणून त्या दिवशी गोळी बुडवायची, हे सगळेच करत आणि कुणीच सांगत नसे. आक्का डॉक्टरांना विचारून प्रत्येकाला वेगळी वेळ ठरवून देत. "जाऊन काम उरकून ये, घरात आल्यावर घे. पर बुडवू नगंस."

आता मी जे सांगणार आहे, ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मला लागून काही महिने झाले असतील, तेव्हा शेवंताआज्जी आमच्या वॉर्डात आल्या. जन्मभर विड्या वळून बोटं वाकलेली, पाय सुजून खांबासारखे झालेले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तीन उशांना टेकून बसलेल्या. हृदयाचे ठोके आवरणारी एक जुनी गोळी त्यांना आधीपासून चालू होती. डॉक्टरांनी सकाळ-दुपार लघवीचं इंजेक्शन लिहिलं, आणि खाली नेहमीचं: रोज वजन, लघवीचं माप, पाण्याचं माप. दाखल होताना वजन भरलं अठ्ठावन्न किलो.

त्याच दिवशी आक्का तीन दिवसांच्या रजेवर गेल्या. भाचीचं लग्न होतं. जाताना मला म्हणाल्या, "तक्ता नीट ठेव रं."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात अकरा पेशंट आणि मी एकटा. वजनकाटा खाली ओपीडीत होता. तो वर आणायचा, आज्जींना उठवायचं, धरून उभं करायचं. मी काट्याकडे गेलोच नाही. तक्त्यावर अठ्ठावन्न लिहून टाकलं.

लघवी मोजायचं भांडं खाटेखाली ठेवलं होतं. त्यात थोडीशी असायची. मी आज्जींच्या सोबतीला असलेल्या सुनेला विचारलं, "एवढीच?" ती खाली बघत म्हणाली, "व्हय, एवढीच." मी तेवढी लिहिली. काही वेळा न बघताच लिहिली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा अठ्ठावन्न लिहायला हात वळला आणि थांबला. तीन दिवस तोच आकडा बरा दिसणार नाही असं वाटलं. म्हणून मी साडेसत्तावन्न लिहिलं. खरं वाटावं म्हणून अर्धा किलो कमी. त्या अर्ध्या किलोची लाज मला अजून वाटते. आळस एक वेळ माफ होईल, पण तो अर्धा किलो मी डोकं चालवून लिहिला होता.

डॉक्टर राउंडला आले. घाईत होते, खाली ओपीडी भरली होती. आज्जींच्या पायांवर पांघरूण होतं. त्यांनी तक्ता पाहिला. वजन जिथल्या तिथं, लघवी कमी. "औषध लागू पडत नाही," म्हणाले आणि डोस दुप्पट केला. त्यांनी तक्त्यावर विश्वास ठेवला, कारण तो आक्कांच्या वॉर्डातला तक्ता होता.

दुप्पट डोस त्या दिवशी सकाळ-दुपार मीच दिला. सावकाश दिला, आक्कांसारखा घड्याळाकडे बघत. तेवढं एक बरोबर केलं.

चौथ्या दिवशी सकाळी आठला आक्का आल्या. हातावर लग्नाची मेंदी होती. मी इंजेक्शन भरून आज्जींच्या खाटेपाशी उभा होतो. आज्जी ताटलीतल्या भाकरीकडे बघत होत्या.

"आक्का," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "भाकरी पिवळी का दिसाय लागलीया? दूध बी पिवळंच दिसतंय."

आक्का जागच्या जागी थांबल्या. मग सरळ खाटेशी आल्या आणि पांघरूण बाजूला केलं. पायांची सूज गेली होती. कातडी सुरकुतून सैल पडली होती. त्यांनी मनगट धरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. नाडी मोजताना त्यांचे ओठ हलत असत. ते मध्येच थांबत होते, पुन्हा हलत होते.

"पायात गोळं येत्यात, आज्जी?"

"लई. रातभर पिंढऱ्या वळत्यात बघा. हातात वाटी बी धरवंना."

आक्कांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी सिरिंज त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती ट्रेमध्ये ठेवून दिली.

"काटा वर आण. पळ."

मी जिन्यावरून काटा घेऊन आलो. आम्ही दोघांनी आज्जींना धरून उभं केलं. काटा डुलला आणि थांबला. साडेबावन्न.

आक्कांनी तक्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आज्जींना हळूच खाटेवर टेकवलं आणि फोन उचलला.

डॉक्टर आले ते वैतागूनच. जिन्यातूनच म्हणाले, "सिस्टर, डोस मी लिहून ठेवलाय. अजून दिला का नाही?"

"सर, मी देणार नाही."

आक्कांना डॉक्टरांशी असं बोलताना आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"देणार नाही म्हणजे?"

"आधी ईसीजीची पट्टी काढा. पोटॅशियम तपासा. साडेपाच किलो उतरलंय सर, तक्त्यावर आहे ते खरं नाही. नाडी चुकतेय. आणि त्यांना सगळं पिवळं दिसतंय."

'पिवळं' म्हटल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. लघवीच्या औषधानं पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं, हे आम्हाला सगळ्यांना पाठ असतं. ते फार उतरलं की आज्जींना चालू होती ती हृदयाची गोळी विषासारखी वागायला लागते आणि माणसाला सगळं पिवळं दिसतं, हेही पाठ असतं. मलाही पाठ होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं.

रक्त घेतलं, मॉनिटर लावला. पडद्यावरची रेघ तीन ठोके नीट चालायची आणि मग एखादा वेडावाकडा, रुंद ठोका यायचा. पुन्हा तीन, पुन्हा एक. इतक्यात आज्जींचा मुलगा आला. त्याला बाहेर कुणीतरी सांगितलं होतं की इंजेक्शन थांबवलंय.

"सूज हाय म्हणून आणली न्हवं आईला? आन् आता इंजेक्शनच देत न्हाय म्हणता? कोण हाय इथं विचारणारं?"

आक्का त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मी हाय. माझ्यावर वरडा. पर भाईर येऊन वरडा, आईला ऐकू जातंय." त्याला बाहेर नेलं, बाकावर बसवलं आणि काय झालंय ते सांगितलं. औषध जास्त झालंय हेही सांगितलं. लपवलं नाही. तो उठला, पुन्हा बसला, डोकं धरून राहिला.

रिपोर्ट आला. पोटॅशियम दोनच्या जरासं वर. साडेतीनच्या खाली आलं तरी आम्ही सावध होतो.

आता पोटॅशियम शिरेतून द्यायचं होतं. थेंब मोजणाऱ्या मशीनवर, तासातासानं ठरलेलं तेवढंच. मुलगा दारात उभा राहून विनवत होता, "जरा जोरात सोडा की हो. जीव जाईल तिचा."

"जोरात सोडलं तर थांबलंच हृदय," आक्का म्हणाल्या. "तुमी बसा. मी हितंच हाय."

खुर्ची ओढून त्या खाटेशी बसल्या आणि आज्जींचं मनगट हातात घेतलं. पडद्यावर रेघ दिसत असतानाही मनगट धरून बसल्या. दहा वाजले, अकरा वाजले. बाराच्या सुमारास पडद्यावर रुंद ठोके एकामागोमाग एक आले, चार, पाच, सहा. मशीन किंचाळायला लागलं. डॉक्टर धावत आले, मी झटक्याचं यंत्र ओढत आणलं, सून भिंतीला टेकून खाली बसली. आक्का आज्जींच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "आज्जी! शेवंताआज्जी! माझ्याकडं बघा!"

आज्जींनी डोळे उघडले. रेघ पुन्हा नीट झाली. यंत्र लावावं लागलं नाही, पण डॉक्टर त्यानंतर तासभर खाटेजवळून हलले नाहीत.

चार वाजेपर्यंत वाकडे ठोके विरळ झाले. सात वाजता दुसरा रिपोर्ट आला, पोटॅशियम चढत होतं. तेव्हा आक्का खुर्चीवरून उठल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. सूर्य मावळून गेला होता.

मला त्यांनी औषधांच्या खोलीत बोलावलं.

"साडेसत्तावन्न कुठनं आणलंस?"

मी कपाटातल्या बाटल्या सरळ करायला लागलो.

"काटा खाली हुता. तू खाली गेलतास?"

"न्हाय."

"आन् लघवी?"

"सुनेला विचारून लिहिली."

"सून काय सांगंल? आज्जी चोरून संडासात जात हुत्या. सुनंनं आताच सांगितलं. वॉर्डात समोर पुरुषमाणसं, त्यात तू तरणाताठा. तुझ्यापुढं ती बाई भांडं मागंल व्हय? पडदा लावलास? विचारलंस कधी?" मग जरा थांबून म्हणाल्या, "मी बी जाताना हे सांगाय पायजे हुतं. न्हाय सांगितलं."

मी रडायला लागलो. त्यांनी रडू दिलं. रडून झाल्यावर विचारलं, "डॉक्टरास्नी कोण सांगणार? मी का तू?"

मीच सांगितलं. आक्का दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी तक्ता पुढे ओढला. "पांघरूण मीही काढलं नाही," एवढं म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आक्कांना सांगितलं, या मुलाला ठेवायचं नाही. आक्का म्हणाल्या, "काढा सर. पण याला आता कळलंय. याच्या जागी नवीन येईल त्याला कळायला आणखी एक म्हातारी लागेल."

मला ठेवलं. डॉक्टरांना सांगितलं त्याच संध्याकाळी आक्कांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला होता. मी खोटे आकडे खोडायला लागलो, तर हात धरला. "खोडायचं न्हाय. नुसती रेघ मार. खालचं वाचाय आलं पायजे. शेजारी खरं लिही, मोजलं न्हाय म्हणून, आन् सही कर." माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची सही केली.

शेवंताआज्जी दहाव्या दिवशी चालत घरी गेल्या. जाताना माझ्या गालावरून वाकडी बोटं फिरवून म्हणाल्या, "लई पळापळ झाली रं तुझी माझ्यापायी." त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पुढे मी बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात लागलो. मच्छे गावातलं आमचं घर तिथून जवळ. गावातली माझ्या वयाची पोरं कारखान्यात, मी एकटाच वॉर्डात. आक्का निवृत्त होऊन बोरगावला भावाकडे राहायला गेल्या. कधीतरी फोन व्हायचा. हाताखाली किती पोरं हायत, असं विचारायच्या. पोरं खरं बोलत्यात का, असंही.

या वर्षी त्या गेल्या. सकाळी देवळातून आल्या, पुढच्या सोप्यात, ओसरीवर बसल्या आणि बसल्याजागीच गेल्या. मला कळलं तिसऱ्या दिवशी. मी रजा टाकून बोरगावला गेलो.

दारात चपलांची रांग होती. आक्कांचे भाऊ, आप्पा, माझा हात धरून बसले. "लई आठवण काढायची तुझी," म्हणाले. काय आठवण काढायच्या ते मी विचारलं नाही.

निघताना समोरच्या कट्ट्यावर एक म्हातारे आजोबा बसलेले दिसले. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. दोन शब्दांमध्ये श्वास घेत त्यांनी विचारलं, "तुम्ही... दवाखान्यातलं न्हवं? आक्कांच्यातलं?"

"व्हय."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे धरली. लघवीची गोळी होती.

"आक्का रोज येऊन बघत... आन् सांगत... मग घ्यायचो. ह्या गल्लीत समद्यास्नीच. आता सांगाय... कोण न्हाय."

"कधीपासून घेतली नाही, आजोबा?"

"आक्का गेल्यापासनं."

तीन दिवस. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. छातीतून घरघर ऐकू येत होती. मी मागे वळून आप्पांना हाक मारली, "आप्पा, गाडी हाय का? आत्ता निपाणीला न्याय पायजे."

आप्पा सुतकातले, डोळे सुजलेले. काही न विचारता आत गेले आणि किल्ली घेऊन आले. आम्ही दोघांनी आजोबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पाठ ताठ करून, काचा उघड्या ठेवून. मी मागे बसून त्यांना खांद्याला धरलं. फोनवर निपाणीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, खाट तयार ठेवा म्हणालो.

गाडी निपाणीच्या रस्त्याला लागली. आजोबांच्या मुठीत पट्टी तशीच होती. थोड्या वेळानं त्यांनी मान जरा वळवली.

"आक्कांच्याच... वॉर्डात... घेत्यात न्हवं?"

आप्पांनी चालवता चालवता बाहीनं डोळे पुसले.

"व्हय आजोबा," मी म्हणालो. "आक्कांच्याच वॉर्डात."